काकांनी धरून ठेवलेली जागा

नाही काका, आजही माझं उत्तर नाहीच. परवा फोनवर पुन्हा तेच, "मी आता निवृत्त होतोय, तुझी बायबल कॉलेजातली जागा धरून ठेवलीय, ये आणि देवाच्या सेवेला लाग." अहो, मी काय इथे झोपा काढतोय?

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, मंडळीतले वडीलधारे आणि मागच्या बाकांवरचे माझे सोबती, नमस्काराच्या आधीच घरचं भांडण काढलं, राग मानू नका. मी परमुलखात लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहे, म्हणून हे भाषण माझी ताई वाचतेय. मध्येच हसली तर दोष तिचा.

आज आपल्या चर्चचा निरोप घेणारे पाळकसाहेब माझे सख्खे काका. त्यांनी तुमचं सुखदुःख आपलं मानलं, ते मी काय सांगावं? पण एक खोड सांगतो. कुणी बायबल कॉलेजला निघाला की त्याला पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मी कामाला निघालो तेव्हा मला पाठीवर थाप मिळाली. नुसती थाप!

गेल्या वर्षी काका माझ्याकडे आले होते. एका इमारतीची लिफ्ट बंद, सातव्या मजल्यावरच्या आजी महिनाभर घरात अडकलेल्या. आमच्यात रीत अशी, की दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मिस्त्रीने एकट्याने मारायची. धोका असलाच तर आधी आपल्या जीवाला, मग दुसऱ्याच्या. काका ऐकतात कुठे! आत घुसले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू.

"काका, जरा हळू!"

"अरे, प्रार्थना चाललीय."

"माझीही चाललीय. मी कानाने करतोय, मोटरचा आवाज ऐकू द्या!"

वर आजी चपला घालून तयारच. खाली उन्हात बसल्यावर त्यांनी काकांनाच हात जोडले, "देव तुमचं भलं करो, मिस्त्री!"

काका ओशाळले. मग मला म्हणाले, "रोज पहिला तूच चढतोस? भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर नट दोनदा आवळतो."

खूप हसले. पण हात काही डोक्यावर आला नाही.

मंडळी, पाना, सुई, स्टेअरिंग हातात धरून देवाची सेवा होत नाही का? काका, होत असेल तर आज शेवटचं पुढे बोलावताना नर्सबाईंना बोलवा, टेम्पोवाल्याला बोलवा. माझ्या जागी आई उभी राहील. तिच्या डोक्यावर हात ठेवा, मला इथे पोचेल.

आणि कॉलेजातली ती जागा? शिंपीकाकांच्या धाकटीला मनापासून जायचंय. तिने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, जागा भरलीय. ती रिकामी आहे, काका. तिला पाठवा.

शाळेशी माझं कधी जमलं नाही, त्यामुळे बोलण्यात अधिकउणं झालं असेल ते पोटात घाला. शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. धाकटीच्या पहिल्या सहामाहीची फी ताईकडे पाठवतोय, पूर्ण अठरा हजार.