उन्हाळ्याचा कागद

(भिंगार. एका सरकारी कचेरीची दगडी पडवी, चैत्रातली दुपार. नवे हेडक्लार्क राधाकृष्ण, आणि दर उन्हाळ्यात तीन महिने तिथे पाणी भरणारी साळूबाई.)

राधाकृष्ण : पण या पाण्याला वास कसला येतो, ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत, साळूबाई.

साळूबाई : वाईट येतो का?

राधाकृष्ण : वाईट नाही. म्हणून तर विचारतोय.

साळूबाई : मंग प्या की गप. आदी माझं सांगा. आला का उन्हाळा?

राधाकृष्ण : नाही आला.

साळूबाई : काल बी न्हाई, आज बी न्हाई. भाऊसाहेब, ह्यो उन्हाळा हाय का घोडेगावची यष्टी?

राधाकृष्ण : मी काय करू? कागदात लिहिलंय. पडवीतल्या खिळ्याला टांगलेला पारा सलग तीन दिवस अडतीसच्या वर गेला, की उन्हाळा सुरू झाला असे समजावे. मग दारांना वाळ्याचे पडदे लावावेत, आणि ते भिजवायला बाई ठेवावी. काल पारा होता एकतीस.

साळूबाई : मंग ही काय हाय?

राधाकृष्ण : कैरी.

साळूबाई : पुडीत मीठ-तिखट हाय. लावा अन खावा. उन्हाळ्याबिगर कैरी येती व्हय झाडाला?

राधाकृष्ण : स्स्स... आंबट आहे हो! डोळ्यांत पाणी आलं.

साळूबाई : आलं ना? लिवा मंग, आला म्हनून.

राधाकृष्ण : कैरी कागदाला जोडता येत नाही. परवा तुम्ही कडुलिंबाचा मोहोर आणलात, काल मला कोकिळा ऐकायला उभं केलंत. पण खरं सांगू? मलाही अजून उन्हाळा वाटत नाही. घाम कुठे येतो? आमच्या रत्नागिरीत आत्ता सदरा पिळायला लागला असता.

साळूबाई : तोंडावरनं हात फिरवा.

राधाकृष्ण : फिरवला.

साळूबाई : आता बोट जिभंला लावा.

राधाकृष्ण : खारट?

साळूबाई : त्यो तुमचा घाम. हितं भाईर यायच्या आदीच वाळतो.

राधाकृष्ण : अरेच्चा!

साळूबाई : शिकलेली मानसं तुमी. सोताचा घाम वळकंना.

राधाकृष्ण : हसा. पण आज चार तारीख. सात तारखेच्या आत उन्हाळा आल्याचा कागद वर गेला नाही, तर यंदा पडदेच नाहीत.

साळूबाई : म्हंजी मी बी न्हाई.

राधाकृष्ण : दुसरं काही काम?

साळूबाई : रानात काय ऱ्हायलंय? सून जाती खडी फोडाया, तिच्या संगं जायाचं. उन्हात दगूड फोडायचा का सावलीत वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या, एवढंच हाय माझं. अन भाऊसाहेब, हसू नका, मला उन्हाळा लई आवडतो. दुपारचं ताटीवर पानी मारलं का वारं आत येताना वाळ्याचा वास घिऊन येतं. समदी कचेरी गप हुती. मोठं साहेब बी डोळं मिटत्यात. तीन महिनं हितली राणी मी.

राधाकृष्ण : कळतंय मला. पण पारा माझं ऐकत नाही.

साळूबाई : मंग कुनाचं ऐकतो त्यो?

राधाकृष्ण : जिथं टांगलाय तिथल्या हवेचं.

साळूबाई : व्हय? बगू... एक इचारू? तुमी रोज दुपारी खुर्ची ह्याच कोपऱ्यात का आनता?

राधाकृष्ण : गार वाटतं इथे. ते कुत्रं बघा, तेही इथेच लोळतं.

साळूबाई : अन गार कशानं वाटतं?

राधाकृष्ण : कशानं म्हणजे... हा रांजण, त्याच्याभोवती ओलं बारदान... थांबा. पारा याच्या डोक्यावरच आहे! साळूबाई, दरसाली रांजण कधी भरता तुम्ही?

साळूबाई : कामावर घेतल्यावर. तवर कोरडा ठाक.

राधाकृष्ण : आणि यंदा?

साळूबाई : होळीला तुमी नवं आला. पत्र्याच्या टाकीचं कोमट पानी प्यालं, अन तोंड केलं लेकरावानी. म्हनलं, परमुलखातला मानूस. त्या दिसापून भरते.

राधाकृष्ण : म्हणजे तीन आठवडे फुकट पाणी भरून उन्हाळा तुम्हीच अडवून धरलात!

साळूबाई : आता गं बया!

राधाकृष्ण : हलवता येईल का हा?

साळूबाई : निम्मा भुईत पुरलाय.

राधाकृष्ण : मग तीन दिवस रिकामा ठेवा.

साळूबाई : अन टपालवाला यील सायकल मारीत, त्यानं काय प्यावं? दारावरच्या शिपायानं? खेड्यापाड्यातनं कागदाला आलेल्या बायामानसांनी? न्हाई बाबा. त्यापरीस मी खडीवर जाते.

राधाकृष्ण : अहो, रागावता काय? कागद पुन्हा वाचू दे. 'पडवीतल्या खिळ्याला टांगलेला'... खिळा तर तोच हवा. पण दोरी केवढी, ते लिहिलेलं नाही.

साळूबाई : म्हंजी?

राधाकृष्ण : सुतळी आहे?

साळूबाई : बारदानाचीच उसवते. ही घ्या. पुरंल?

राधाकृष्ण : धरा टोक. गाठ त्याच खिळ्याला. आता अशी त्या पलीकडच्या खांबापर्यंत, आणि पारा तिथे टोकाला. उन्हात नाही हं, सावलीतच. खोटं नको.

साळूबाई : खोटं कशाला? उन्हाळा खराच हाय की.

राधाकृष्ण : थांबा आता जरा वेळ.

साळूबाई : तवर कैरी संपवा... काय म्हनतोय?

राधाकृष्ण : चौतीस. छत्तीस.

साळूबाई : ये बाबा, ये. लाजू नगं.

राधाकृष्ण : अडतीस... एकोणचाळीस!

साळूबाई : आला?

राधाकृष्ण : आला. आजचा एक दिवस झाला. उद्या नि परवा असाच यायला हवा.

साळूबाई : यील. आता वाट गावलीय त्याला.

राधाकृष्ण : मग आता तरी सांगा, पाण्याला वास कसला?

साळूबाई : गेल्या सालच्या ताटीतली वाळ्याची चार मुळं ठिवली हुती चिंधीत बांधून. ती टाकलीत रांजणात. म्हनलं, न्हाईच आला औंदा उन्हाळा, तर वास तरी ऱ्हावा.