पुडीवरचं माझं तोंड

नाव वेंकूबाई, कैलासवासी अप्पाजींची बायको. वय सत्तरीच्या पुढे, नेमके माहीत नाही. धंदा ब्रॉयलर कोंबड्यांची शेड. राहणार तिरुवैयारु, जिल्हा तंजावूर.

समक्ष हजर राहून सांगते की, हा जबाब लिहून घेणारी हवालदार नंदिता हिला तिची आई माझ्या मांडीवर टाकून बाजारात जायची. तरी तिने मला नाव दोनदा विचारले. मला अक्षर येत नाही, पण आठवण माझीच बरी दिसते.

मुरली हा माझा जावई. उन्हाळ्यात मी शेवग्याचा पाला, तुळस व भुईआवळी सावलीत वाळवून कुटते आणि पहाटे कोंबड्यांना पाण्यातून देते. ऊन चढले की दाणा उचलते. पोटात दाणा असला की कोंबडी आतूनही तापते. हे मुरलीला शेडमध्ये उभे करून दाखवले होते. त्याने मान हलवली होती.

नंतर त्याने 'वेंकूआजी चूर्ण' नावाच्या पुड्या विकायला काढल्या. वर माझा फोटो आहे, नात हरिप्रियाच्या लग्नातला, नथीसकट. मला विचारले नाही. पुडीवर छापले आहे की चूर्ण दाण्यात कालवून तिन्ही वेळा द्यावे, मग शेडमध्ये दीडपट कोंबड्या भरल्या तरी चालतात.

माझी धाकटी जाऊ चंद्रमती हिने तसेच केले. मागच्या मंगळवारी दुपारी मी तिच्या शेडवर गेले. कोंबड्या भिंतीशी एकमेकींवर चढून मेल्या होत्या. ज्या जिवंत होत्या त्या चोच उघडी टाकून धापत होत्या. चंद्रमतीने पुडी माझ्या पायाशी ठेवली व म्हणाली, "अक्का, तुमचंच तोंड बघून घेतलं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

मी पुडी चाळली. कोंडा निघाला आणि हिरवा रंग. पाल्याचा वाससुद्धा नाही. पुडी सोबत दिली आहे.

मुरलीला विचारले. तो हसून म्हणाला, "मामी, कोंबड्या मुक्या. साक्षीला कोण येणार?"

मी आले.

माझी मुलगी शांभवी बाहेर बाकावर बसली आहे. ती काय म्हणते ते यात लिहू नये. तक्रार मागे घेणार नाही.

हे नंदिताने मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच आहे, फक्त शिव्या गाळल्या आहेत. अंगठा उठवला आहे. तो हिरवा उमटला तर शाईचा दोष नाही, चाळताना लागलेला रंग अजून गेलेला नाही.

आणखी एक लिही. मुरलीला आत बसवले आहे आणि जेवण घरून चालते म्हणतात. जावई आहे, सासूने उपाशी ठेवायचे नाही. शांभवीला सांग, डबा भर दुपारीसुद्धा पाठव. कोंड्याची पेज, त्यात त्याच्याच पुडीतले दोन चमचे, तिन्ही वेळा. ताक पाठवू नको. आणि तो जेवत असताना पंखा बंद ठेवा.