दुखलं तर डावा हात वर करा

नाही, ऐकलं मी सर. दार अर्धवट उघडं होतं. ‘गेल्या वर्षी एवढे मार्क होते तुला, मग डेंटलला तरी नंबर कसा नाही लागला?’ — असंच विचारलंत ना माझ्या लेकीला, बाहेर बसल्या बसल्या? आणि ती तारखांची वही चाळत राहिली. डोकं मागं टेका — हां, असं. तुमचं काही चुकलं नाही, शाळेत जीवशास्त्र तुम्हीच शिकवलंय तिला, तुम्ही नाही विचारणार तर कोण? तोंड उघडा. अजून मोठं. इंजेक्शन जरा टोचेल, मग ओठ जड होईल, जीभ जड होईल, दोन-तीन तास अर्धा जबडा आपला नाहीच असं वाटेल. दुखलं तर डावा हात वर करा. बोलायला जाऊ नका, आत मशीन असताना जीभ हलली तर तुमचीही पंचाईत आणि माझीही.

होऊ दे बधिर, थांबू जरा. घड्याळ बघताय? पावणेपाच. मीसुद्धा सकाळपासून तेच बघतेय. आज सहाच्या आत त्या परदेशातल्या मेडिकल कॉलेजला उत्तर पाठवायचंय — येतेय की नाही येत. एक शब्द. सहा वर्षांचा कोर्स, बर्फाचा देश, पहिली दोन वर्षं आपल्याला समजेल अशा भाषेत, पुढे पेशंट तपासायचे ते त्यांच्या भाषेत. आणि परत आलं की इथली परीक्षा आहेच, तीत किती जण पास होतात ते काही विचारू नका. तीन वर्षं झाली, सर. तीनदा परीक्षा दिली, तीनदा इथल्या यादीत नाव नाही. बरोबरीच्या मुली आता सुट्टीत येतात आणि गळ्यात स्टेथोस्कोप घालून फोटो काढतात, आणि ही इथं माझ्या काउंटरवर बसून लोकांना दातांच्या तारखा देते. ओठ जड झाला? मान हलवा नुसती. छान.

आता मशीनचा आवाज येईल — घाबरू नका, आवाजच जास्त असतो. हिच्या बाबांना विचारलं तर म्हणतात, तुम्ही मायलेकी काय ते ठरवा. हात झटकून मोकळे. आणि तिला विचारलं तर — तिला विचारलं तर म्हणते, तू सांग आई, तू म्हणशील ते. वीस वर्षांची घोडी झालीये, पूर्वी साध्या चपलेवरून घर डोक्यावर घ्यायची! आता काही नाही. भाजी कुठली करू, तू सांग. बर्फात जाऊ का, तू सांग. अहो, ओरडली असती, दारं आपटली असती तर बरं वाटलं असतं मला. परवा काउंटरवर त्यांच्या भाषेचं पुस्तक घेऊन बसली होती. म्हटलं, काय काय आलं? तर म्हणाली, एकच वाक्य नीट येतं — ‘कुठं दुखतंय?’ आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

जरा इकडे वळवा. कीड खोल गेलीये, सर, आधी यायला हवं होतं, असो. तिचा हात चांगला आहे, माहितीये तुम्हाला? लहानपणी साबणाच्या वड्यांच्या दाढा कोरायची. आंघोळीला साबण शिल्लक नसायचा! मुळं सुद्धा काढायची, दोन पुढं एक मागं, अगदी बरोबर. अजूनही एखादं पोर इथं रडायला लागलं की ती बाहेरून येते, त्याचा हात धरते, काय बोलते कोण जाणे, पोर तोंड उघडतं. माझ्यासमोर नाही उघडत. लोक म्हणतात, आईचा वारसा चालवणार हं! आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. का जाते? सांगते. एका लग्नात एक आजोबा कोसळले, सगळे ओरडायला लागले, डॉक्टर आहे का कुणी, डॉक्टर? मी उठले. ताट टाकून उठले. तर हिचे बाबा माझा हात धरून म्हणतात, अगं बस, तू दातांची. आसपासचे हसले, सर. आजोबा तिकडे पडलेले आणि लोक हसले. बावीस वर्षं हेच ऐकतेय, ‘म्हणजे तशा खऱ्या डॉक्टर नाही ना तुम्ही?’ ठरवलं होतं, हिच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. काही झालं तरी नाही.

म्हणून — नळी टोचतेय का? नाही ना? — म्हणून गेल्या वर्षी. तिनं कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरला होता. वर सगळी मेडिकलची, आणि खाली चार डेंटलची. मी म्हटलं, ही कशाला? तर म्हणाली, असू देत गं, लागलं तर लागलं, मला आवडेल. आवडेल म्हणाली, सर. शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत फॉर्म बदलता येत होता. ती आंघोळीला गेली होती. ओटीपी माझ्याच फोनवर यायचा. चार ओळी. प्रत्येक वेळी विचारतं ते, ‘नक्की काढायचं?’ — चारही वेळा हो म्हटलं. वाटलं, एकच वर्ष जाईल, जिद्दीनं अभ्यास करेल, पुढच्या वर्षी मेडिकलला लागेल. कुठलं काय! यादी लागली, नाव नाही. तिनं त्या चार कॉलेजांचे आकडे बघितले, हिच्यापेक्षा कमी मार्कांची मुलं लागली होती. म्हणाली, काहीतरी गडबड झाली असेल, माझीच असेल. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि मी डोक्यावरून हात फिरवत बसले — हाच, हा हातमोज्यातला. त्यानंतरच ती ‘तू सांग’ म्हणायला लागली. स्वतः भरलेलं काही बरोबर येतच नाही असं तिला वाटतं.

हात का वर केलात? दुखतंय? नाही? मग खाली घ्या.

हे मी कुणाला बोलले नव्हते हो. तुम्हाला का बोलले? तुमचं तोंड उघडं आहे म्हणून, दुसरं काय. इथल्या डेंटलच्या उरलेल्या जागांचा फॉर्म सोमवारी उघडतोय. यंदाच्या मार्कांत कुठंतरी लागेल ती. पण मग सांगावं लागेल — की तुझी गडबड नव्हती बाळा, आईची होती. सांगू? सांगितलं तर ती राहील इथंच, पण माझी नाही राहायची. नाही सांगितलं तर माझी राहील, आणि सहा वर्षं बर्फात लोकांना विचारत बसेल, कुठं दुखतंय. मला नाही सुचत, सर. खरंच काही सुचत नाही. दात मिटा. हलकेच. उंच लागतंय का कुठं? नाही ना. तात्पुरतं भरलंय, पुढच्या गुरुवारी या. आणि आता बाहेर गेल्यावर ती तुम्हाला काही विचारेल, तर तोंडाकडे बोट दाखवा. बधिर तोंडानंही बोलता येतं तसं, माझे पेशंट इथून बाहेर पडता पडता फोनवर भांडतात — पण तुम्ही नका बोलू. निदान सहापर्यंत. हात खाली घ्या ना सर.

काय गं? — दारातून काय ओरडतेस, आत ये. — साईट बंद पडेल म्हणून आत्ताच पाठवायचं? — मी सांगू? परत मीच सांगू? तुला काय वाटतं ते — बरं. बरं, कळलं.

हो लिही.

हो म्हटलं ना, लिही, आणि दार लावून घे. — सर, हात खाली. झालंय तुमचं. चूळ भरा आणि उठा.