तलाठ्याच्या गळ्यातला पट्टा

न्हाई हो भाऊ, माणूस न्हाई गेला — तलाठी म्हंजे आमचं कुत्रं. सुदर्शननं, माझ्या पोरानं ठेवलेलं नाव. दिसभर शिवारातनं हिंडायचा आन कायतरी म्होरं ठेवल्याबिगर जागचा हलायचा न्हाई — मग दुसरं काय नाव ठेवायचं? हसा, हसा. आमीबी सहा वरसं लई हसलो. बसा त्या बाजंवर. ठसे बघितले ना तुमी? बिबट्याचेच हायेत, ते काय मला सांगताय — आमच्या बोरी गावातलं शेंबडं पोरबी आता ठसा वळखतं. तुमी फॉरेस्टवाले आज आलाव, तो उसात कवाच घर करून बसलाय.

मीच आणला व्हता तलाठ्याला, अवसरीच्या लेकीकडनं, एस्टीत, पिशवीत घालून. कंडक्टर म्हणला, आजी, पिशवीत काय? म्हणलं, मेथी. आन मेथी भुंकली की! सगळी एस्टी हसाय लागली, कंडक्टरनं कपाळाला हात लावला — काय म्हणलाव? पट्टा? व्हता की पट्टा. दावते — न्हाई, नको, ऱ्हाऊ द्या. आळेफाट्यावरनं करून आणलेला, चामड्याचा, भायेरनं बोटबोट खिळे. बिबट्या धरतो तो नरड्यालाच, खिळे टोचले का सोडतो — आमच्याकडं समद्या वस्त्यांवर कुत्र्यांना असंच. दिसा काढायचा, दिवा लागायच्या आत घालायचा. ते काम नातीचं, संस्कृतीचं. तिसरीला हाय. तिनं नुसतं खाली बसायचं, का हा पठ्ठ्या मान म्होरं करणार. आमी घालाय गेलो का गुरगुरायचा.

आज सहावा दिस. त्या दिशी सकाळी पट्टा गोठ्यात खुंटीला आन तलाठी न्हाई. उसात जे घावलं ते सुदर्शननं पोत्यात घालून आणलं, मला बघू न्हाई दिलं. बांधाच्या कडंला मीठ घालून पुरला. मग पोरीला म्हणला, पट्टा घातला न्हाईस ना? ती म्हणली, घातला व्हता, पप्पा. मग खुंटीला कसा गेला? पोर इचार करत बसली दिसभर. आन सांजच्याला आपली आपणच म्हणली, इसरले असंन मी. तवाधरनं धड जेवत न्हाई. शाळंला निघाली का माघारी फिरती — गोठ्याची कडी बघती, वासराचं दावं बघती, निघती, परत माघारी. तिसरीतलं पोर, भाऊ!

लिहा तुमी, पट्टा नव्हता म्हणून लिहा. पर पोरीचं नाव नका घालू. तिची चूक न्हाई. तिनं घातला व्हता — मी बघितला की. खिळ्यांची बुडं आतनं घासून मान चिघळली व्हती त्याची, माशा बसायच्या, मला बघवंना. म्हणलं, घडीभर काढते, हळद-तेल लावते, जरा वारा लागू दे. लावली. तेवढ्यात आत टीव्हीवर मालिका सुरू झाली. मला हिंदी कुठं येतं? पर रडणं समजतं — ती त्यातली सून रडत व्हती, मीबी पदर लावून बसले डोळ्याला. भायेर एकदाच केकाटल्यागत झालं. मला वाटलं, टीव्हीतच कायतरी वाजलं.

असं बघू नका माझ्याकडं. सुदर्शन पोरीला इचारत व्हता ना, तवा माझी बोटं अजून पिवळी व्हती. पदराखाली घेतली मी. म्हणलं, आता सांगते, जरा वेळानं सांगते, त्याचा राग निवू दे. राग निवला, मी न्हाई सांगितलं. पोराचं भ्या न्हाई वाटलं मला — तो बोलंल, दोन दिस तोंड फिरवंल. पर ती? ती काय म्हणंल? काल माझ्याच गळ्यात पडून म्हणती, आजी, तू नको गं रडू, चूक माझी हाय. आन मी — मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला, भाऊ. नुसता हात फिरवला.

ती बघा, सुटली शाळा. जावा तुमी आता. न्हाई, चहा न्हाई टाकत, जावा म्हणते ना — तुमच्याम्होरं तिला सांगाय न्हाई जमायचं मला. संस्कृती, ये गं बाय. दप्तर ठेव. पप्पालाबी हाक मार मळ्यातनं. न्हाई, मांडीवर नको — म्होरं बस. म्होरं बस माझ्या.