माझ्या बाकाचा सवाल नव्हता

नाही, नाही, नाही! इंग्रजी जड गेली म्हणून नाही सोडली शाळा! कितीदा सांगू? जो भेटतो तो हेच तुणतुणं... काल बाजारात आमची भागाबाई मावशी, वांगी चाचपता चाचपता, सगळ्या बायांसमोर, "काहून रे गिरधर, विंग्रजी झेपली नाही म्हंतात तुले?" अहो झेपली! चांगली झेपली! मला व्हर्बल येतात, व्हर्बल! आहे का तुमच्यात कोणी माईचा लाल, ज्याला व्हर्बल म्हणजे काय ते सांगता येईल? नाही ना? मग हसताय काय? बसा, तुम्हाला सांगतो.

आता मी जे सांगतो ते आमच्या वसंत मास्तरांचं आहे, माझं नाही, नाहीतर म्हणाल पोरगा शहाणपणा करतो. मास्तर म्हणायचे, व्हर्बल म्हणजे क्रियापदाच्या घरचं पोर, पण कामाला जातं दुसऱ्याच्या घरी. 'पोरगा तापीत पोहतो', इथं ते घरच्याच शेतात राबतंय, ठीक. 'पोहणं चांगलं', झालं, गेलं नामाच्या घरी कामाला, हा जेरंड, इंग्रजीत त्याच्या शेपटाला आयएनजी. 'पोहणारा पोरगा', आता गेलं विशेषणाच्या घरी, हा पार्टिसिपल, शेपूट तेच पण मालक दुसरा, म्हणून शेपूट बघू नका रे, काम बघा! आणि टू लावून आला तो इन्फिनिटिव्ह, तो कधी या घरी, कधी त्या घरी, त्याचा भरवसा नाही. आणि व्हर्बल फ्रेज म्हणजे? म्हणजे कामाला जाताना एकटं जात नाही, डबा, कंदील, पोरंबाळं, सगळं लटांबर घेऊन जातं. 'दुपारच्या उन्हात केळीचे घड वाहून वाहून थकलेला गडी.' मास्तर म्हणाले, यातला गडी सोडा, बाकीचं सगळं मिळून काय? एक विशेषण! आमच्या वर्गातला दगा पाटील उठला, "मास्तर, आणि गड्याचं काय?" तर मास्तर म्हणाले, "गडी थकलाय रे, त्याला बसू दे." 

असा मास्तर होता! एक दिवस विचारलं, 'बुडणारी होडी' आणि 'बुडालेली होडी', दोन्ही पार्टिसिपल, मग फरक काय? आम्ही पुस्तकं चाळायला लागलो. आणि कौतिक, ज्याला कधी नऊचा पाढा आला नाही तो कौतिक, म्हणतो, "मास्तर, पहिल्या होडीतले लोक वरडू राह्यले." मास्तर खुर्चीतून उठले, त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, एवढं चांगलं पुस्तकातही लिहिलेलं नाही. कौतिक आठ दिवस छाती काढून चालत होता.

बरं, चाललं होतं ना? चाललं होतं! पण मोठ्या माणसांना चाललेलं बघवतं कुठं? राज्य जोडायला काढलं. छप्पन सालच्या एक नोव्हेंबरला सकाळी उठलो तर आमची राजधानी नागपूर गेलेली मुंबई राज्यात आणि नवी राजधानी भोपाळ! आम्ही अजून खाटेवरून पाय खाली ठेवला नव्हता हो! दापोरा तिथंच, बुऱ्हाणपूर तिथंच, तापी तिथंच, राजधानी तेवढी गेली. मी बापाला विचारलं, बाबा, आपल्याला कोणी विचारलं होतं का? माझा बाप निंबा, त्याला सही येत नाही, अंगठा येतो, पण ऐट बघा, "तुले काय समजते? मोठ्या मान्साइनं केलं ना, मंग त्याइले समजते!"

मोठी माणसं आहेत, त्यांना कळतं! 

मग शाळेतही जोडणी. मराठी वर्ग हिंदी वर्गाला जोडा. चांगली गोष्ट आहे, मी कुठं नाही म्हणतो? हिंदी तर आमच्या तोंडात जन्मापासून, बाजारात मराठीत भाव केला तर पानवालासुद्धा वर बघत नाही. पण हुकूम काय आला? मराठीतून शिकवणाऱ्या मास्तरांचे वर्ग इन्स्पेक्टर साहेब येऊन तपासणार. हिंदीतून शिकवता आलं तर जागेवर ठेवणार, नाही आलं तर राज्यात जिथं जागा रिकामी असेल तिथं धाडणार. आणि राज्य केवढं झालेलं! एका टोकाला निघालेला माणूस दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं पोरगं मॅट्रिक होईल!

आता वसंत मास्तरांचं घर तुम्हाला माहीत नाही. इथंच बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात दोन खोल्या, बायको नाही, पोर नाही, नुसते वडील. लकव्यानं पडलेले, वाचा गेलेली, डोळे तेवढे फिरायचे. मधली सुट्टी झाली की मास्तर धोतराचा सोगा धरून घरी पळायचे, वडलांना पेज पाजायचे, कूस बदलून द्यायचे आणि पळत परत, तास सुरू व्हायच्या आत. रोज! असल्या माणसाला धाडणार कुठं? आणि ती खाट?

पण ऐका, मास्तरांना हिंदी येत होती! मोडकी, पण येत होती. जोडलेल्या वर्गात पहिल्याच दिवशी म्हणाले, "बच्चों, ये क्रिया का लडका है, लेकिन काम को दूसरे के घर जाता है." हिंदीची पोरं खूश! त्यांना कळत होतं! एक जण तर म्हणाला, "मतलब घरजमाई, मास्टरजी?" मास्तर म्हणाले, "बिलकुल!" झालं ना काम? साहेबानं हे ऐकलं असतं तर काय वाईट होतं?

पण दाराआड कोण उभं? हेडमास्तर! आत आले, मास्तरांना कोपऱ्यात घेतलं, पण आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत पोचावा, "वसंतराव, घरजमाई? इन्स्पेक्टरसमोर घरजमाई? शाळेची अब्रू आहे का नाही? समजावत बसू नका हो. समजायला वर्ष लागतं, पाठ व्हायला आठवडा." आणि स्वतः युक्ती काढली. बाकवार वाटणी! पहिलं बाक इन्फिनिटिव्ह, दुसरं जेरंड, तिसरं आणि चौथं पार्टिसिपल, पाचवं फ्रेज. प्रत्येक बाकाला एक सवाल, एक जवाब, शुद्ध हिंदीत, कागदावर लिहून. साहेब पुढून मागे विचारत जातील, ज्याचं बाक त्यानं बोलायचं. "आणि दुसऱ्या बाकाचं उत्तर कोणी तोंडातून काढलं तर तंगडं मोडून हातात देईन!" मास्तर म्हणाले, "पण सर, मुलांना कळलंय..." हेडमास्तर म्हणाले, "कळलेलं नंतर बघू."

मोठी माणसं आहेत, त्यांना कळतं!

मी चौथ्या बाकावर, वाट्याला बुडालेल्या होडीचा पार्टिसिपल, शुद्ध हिंदीत भूतकालिक कृदंत. आठ दिवस आम्ही घोकलं. दापोऱ्याहून सायकलवर येता-जाता, पॅडल मारत मारत, भूतकालिक कृदंत, भूतकालिक कृदंत... रस्त्यातले बैल बुजायचे. आणि गंमत सांगू? आठ दिवसांत जे मला समजलेलं होतं ते पुसट व्हायला लागलं. तोंड बोलायचं आणि डोकं रिकामं. बाजूच्या बाकाचं काही ऐकू आलं तर आम्ही कानात बोटं घालायचो, न जाणो, तोंडातून निघून गेलं तर?

तपासणीचा दिवस उजाडला. आता आपल्या इकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. साहेब येणार म्हटल्यावर साहेब एकटा येतो का? सगळा मुलूख येतो! शाहपूरहून छकडे, दापोऱ्याहून छकडे, फेटे काय, हार काय, केळीचा एक घड हा एवढा, साहेबाच्या गाडीत घालायला. आणि चुडामण पाटील, दगाचा बाप, शाळा कमिटीतला, वर्गात डोकावला. त्याला दिसलं काय? त्याचा दगा पाचव्या बाकावर. "हेडमास्तर! माहा पोरगा मांगे? साहेबाले काय दिसन मंग? फेट्यावाल्याचा पोरगा पुढे पाह्यजे!" हेडमास्तरांची कानशिलं लाल, पण पाटलाला नाही कोण म्हणणार? दगा उठला, पहिल्या बाकावर. ते बघून इच्छापूरचे दोन बाप आत घुसले, "मंग आमचे काय दत्तक हायेत?" आणि मग... मग माझा बाप! तो मला आयुष्यात कधी शाळेत सोडायला आला नव्हता, त्या दिवशी आला, माझा दंड धरला आणि चौथ्यावरून उचलून दुसऱ्या बाकावर आदळला. मी म्हणतोय, "बाबा, माझं बाक ते आहे! बाबा, सगळं चुकेल!" आणि बाप तोंडावर बोट ठेवून, "चूप! मोठ्या मान्साइत बोलू नये!"

पाच मिनिटांत पत्ते पिसावेत तसा वर्ग पिसला, मंडळी. वसंत मास्तर फळ्याजवळ उभे, हातात खडू, आणि त्यांना दिसत होतं सगळं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर टाळ्या... साहेब आले.

आता साहेब वाईट माणूस असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता! साधा, चष्मा पुसत पुसत बोलणारा. पहिल्या बाकापाशी थांबला, दगाला विचारलं, "बेटे, इन्फिनिटिव्ह क्या होता है?" दगानं डोळे मिटले आणि पाचव्या बाकाचं फ्रेजचं उत्तर सुरू केलं, धडाधडा, मालगाडीसारखं. साहेबानं संपेपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाला, "बहुत अच्छा याद किया है. पर मैंने कुछ और पूछा था." आणि वळला माझ्याकडे. "तुम बताओ, जेरंड किसे कहते हैं? समझ के बताओ. मराठी में भी चलेगा."

मराठी में भी चलेगा! ऐकलंत का? मराठीत चालेल म्हणाला! आणि मला येत होतं. पोहणं चांगलं. क्रियापदाच्या घरचं, नामाच्या घरी कामाला. एवढंच म्हणायचं होतं! मास्तर माझ्याकडे बघत होते, असे बघत होते की... जाऊ द्या. पण साहेबाच्या मागे हेडमास्तर, डोळे वटारून, आणि दारात माझा बाप, तोंडावर अजून तेच बोट. मी उभा राहिलो. आणि माझ्या तोंडातून काय निघालं?

"साहब, ये मेरे बेंच का सवाल नहीं है."

साहेब म्हणाला, "किसके बेंच का है?"

"दूसरे बेंच का, साहब."

"तुम दूसरे बेंच पर ही तो बैठे हो."

"आज बैठा हूँ, साहब."

हसा, हसा! सगळे हसले तेव्हा. दारातले फेटेवाले काही न कळता हसले. साहेब नाही हसला. त्यानं मास्तरांना विचारलं, अगदी हळू, "मास्टरजी, आपने इन्हें पढ़ाया है या बाँटा है?" आता मास्तरांनी फक्त बोट दाखवायचं होतं. हेडमास्तर तिथं उभे होते हो, चार हातांवर, पायातल्या वहाणांकडे बघत! मास्तर म्हणाले, "गलती मेरी है."

साहेबानं लिहून घेतलं. दीड महिन्यानं मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. पार पूर्वेकडे, रेल्वे संपते तिथून मोटार, मोटार संपते तिथून बैलगाडी. आणि शाळेला शेरा मिळाला, शिस्त उत्तम. हेडमास्तरांनी तो चौकटीत लावलाय.

मोठी माणसं आहेत, त्यांना कळतं...

खाट आम्हीच नेली स्टेशनावर. मी, कौतिक आणि हिंदीची दोन पोरं. थर्ड क्लासच्या दारातून खाट आत जाईना, मग म्हाताऱ्यांना गोधडीसकट उचलून बाकड्यावर ठेवलं. त्यांचे डोळे डब्याभर फिरत होते, कुठं चाललो हे विचारायला तोंड नाही. मास्तरांनी मला खाली फलाटावर घेतलं. म्हणाले, "गिरधर, त्या दिवशी तुला जेरंड येत होता ना?"

"हो, मास्तर."

"मग?"

"माझ्या बाकाचा नव्हता."

मला वाटलं एक कानाखाली वाजवतील. वाजवायला पाहिजे होती, तुम्हाला सांगतो, मी गालही पुढे केला होता. तर म्हणाले, "तुला एका बाकाचा करून ठेवलं, ते मी करायला नको होतं." बस्. शिट्टी झाली. अख्ख्या बुऱ्हाणपुरात चूक कबूल करणारा मोठा माणूस एकच निघाला, आणि त्यालाच गाडीत बसवून दिलं आम्ही!

दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलो नाही. बाप ओरडला, आई मनकर्णा रडली, हेडमास्तरांनी निरोप धाडला की पोरगा आळशी आहे. त्याच स्टेशनावर केळीचे घड वॅगनमध्ये भरतो आता. बरं आहे. घड पुढे ठेवा नाहीतर मागे ठेवा, कुणाचा बाप तक्रार करत येत नाही.

गेल्या आठवड्यात मास्तरांचं कार्ड आलं. ओट्यावर बसून बापाला वाचून दाखवलं. लिहितात, वडील वाटेतच गेले, मधल्या एका स्टेशनावर उतरवून घ्यावं लागलं, लोक भले होते, त्यांनी लाकडं दिली. लिहितात, इथल्या पोरांना मराठी येत नाही, आणि हिंदीही येत नाही, त्यांची बोली वेगळीच आहे, मी शिकतो आहे. लिहितात, शाळेत बाकं नाहीत, मुलं जमिनीवर कुठंही बसतात, माझं बरं चाललं आहे.

 बापानं चंची उघडली, तंबाखू मळली. मला वाटलं, आता... आता हा माणूस काहीतरी बोलेल. एवढ्या दिवसांनी बोलेल.

बाप म्हणाला, "बाक नाही? मंग काहाची शाळा ते!"

मी म्हटलं, "खरं आहे, बाबा."