वरली गुहा, खालची गुहा

...न्हाई पर मी म्हणतो, चिखल आला कुठून? सगळ्या हिरी कोरड्याठाक, लिंबागणेशाकडून येणारा टँकर आला तं आला, आन् पंडितची म्हैस चंद्री सांजच्याला घरी येती ती शिंगापस्तोर चिखलात बरबटून! भर दुष्काळात! आता माणसानं इच्यारावं तरी कुणाला?

पाऊस पडून गेला म्हून आज तुमाला सांगतो, न्हाईतर तोंड उघडलं नसतं. पंडित म्हंजे आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दुधाचा थेंब न्हाई, क्यान पालथे पडलेले, पर गडी रोज कडक इस्त्रीत हापिसात हजर! त्यानं बायकोला, मंजुळाबाईला इच्यारलं, "म्हैस कुठं नेतीस गं?" ती म्हणती, "चरायला." "आगं पर कुठं?" "तिकडं." तिकडं म्हंजे? तिकडं तं अख्खा बालाघाटाचा डोंगर पडलाय!

झालं! एके दिवशी ती म्हैस घेऊन गेली, आन् मागून हा एकटाच निघाला, डोंगराला, शेणाचा माग काढत. खडकावर माग तुटला. तितक्यात सटवा धनगर भेटला.

"सटवा, म्हैस बगितली का बे?"

"न्हाई."

"मंग हे शेण?"

"शेण बगितलं."

"आन् ती पांडवांची गुहा कुठं हाय? म्हातारी माणसं म्हणायची, तितं पाणी असतं."

"वरली का खालची?"

"दोन हायत?"

"न्हाई, एकच. खालून गेलं की वरली, वरून आलं की खालची."

आता माणसानं इच्यारावं तरी कुणाला? उन्हानं टाळकं तापलेलं, चपलेचा अंगठा तुटलेला, हिवराचं एकच झाड तीनदा आडवं आलं... का झाडंच तीन होती, कुणास ठाऊक! शेवटी कातळात कोरलेलं दार दिसलं. आत काळाकुट्ट अंधार. पंडितनं पाऊल टाकलं आन् आतून आवाज आला, फुर्रर्र! बिबट्या! पंडितनं डोळे मिटून गणपतीचा धावा सुरू केला, तं अंधारातून आवाज आला,

"अहो, चपला बाहीर काढा! प्यायचं पाणी हाय!"

मंजुळाबाई!

डोळे उघडून बगतो तं काय? कातळातलं टाकं, जुन्या काळचं, काठोकाठ भरलेलं. टाक्याखालच्या डबक्यात चंद्री म्हाराणीवानी बसलेली, तीच फुरफुरली होती. आन् टाक्याभवती गावातल्या निम्म्या बाया, घागरी भरत, खिदळत!

"मला कावून सांगितलं न्हाई?" पंडित वरडला.

तवा भिवराबाई, गावातली सगळ्यात म्हातारी, म्हणली, "तुला सांगितलं म्हंजे चेरमनला सांगितलं. मोहनराव उद्या हितं इंजिन बसवील, पाणी त्याच्या उसाला, आन् आमी बसू घागरी वाजवत."

"मावशी, सहकारात असं बोलू न्हाई."

"ही बी सोसायटीच हाय, बाबा. हिला चेरमन न्हाई, म्हून पाणी हाय."

मंजुळाबाईनं वंजळ पुढं केली. पंडित प्याला. दात ठणकावे असं गार पाणी! त्यानं बायकोकडं बगितलं. दुष्काळ पडल्यापासून ती हसलेली त्यानं बगितली नव्हती. हितं रोज हसत होती व्हय? आन् चेरमनला कळलं तं? आन् न कळवलं तं नोकरीचं काय? आता माणसानं इच्यारावं तरी कुणाला?

तो इच्यार करीतच व्हता, तं भिवराबाईनं हातात घमेलं दिलं. "आलाच हाईस तं शेजारच्या बुजलेल्या टाक्यातला गाळ काढ." इस्त्रीचा सदरा काढून सेक्रेटरी साहेब उतरले त्या टाक्यात! वरून मंजुळाबाई, "अहो, त्यो कोपरा ऱ्हायला!"

सांजच्याला खाली आला तं पारावर मोहनराव बसलेला.

"काय सेक्रेटरी, असे वाकडे कावून? कुठं गेलते?"

पंडित थबकला. मंजुळाबाई पदराआड घागर घेऊन मागून येत व्हती, ती बी थांबली.

"देवाला गेलतो, साहेब. वर, डोंगरात."

"आरं वा! पावतो का?"

पंडितनं कंबरंवर हात ठिवला.

"पावतो जी... पर आधी कंबर मोडतो. आन् उद्या परत बोलावलंय."