कुणाकडं शिकलास?

(सकाळ. गुंडाच्या घराचं अंगण.)

मानसिंग : बसत न्हाई वस्ताद. उभ्यानंच सांगतो.

गुंडा : उभ्यानं काय सांगतोस? टेक त्या पोत्यावर. आधी लायसन दाव. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला उसाची चिपाडं घालून हात काळं झाल्यात, थांब, पुसतो.

मानसिंग : हे बगा.

गुंडा : वा रं गड्या! जड वाहन. पयल्याच खेपंला?

मानसिंग : व्हय. साताऱ्याच्या सायबानं गाडी मागं घ्याला लावली, एका दमात घेतली. सायब म्हनला, कुनाकडं शिकलास? म्या तुमचं नाव सांगितलं.

गुंडा : मग आता लालासाबांकडं जा. दोनच गाड्या हायत, जुन्या हायत, पन घरापाशी हायत. रहिमतपुरातनं सकाळी निघावं, म्हाबळेश्वरला माल टाकावा, जेवायला माघारी.

मानसिंग : मी सांगलीला जाऊन आलो, वस्ताद. परवा.

गुंडा : सांगलीला? कुनाकडं?

मानसिंग : जवाहर शेटच्या ट्रान्सपोर्टला. चौदा गाड्या हायत. मुंबई, बेंगलोर, हळद आनि गूळ. दारावर डायवरचं नाव रंगवत्यात.

गुंडा : आरं, मी लालासाबांकडं तुज्यासाठी शब्द टाकून आलोय. माझ्याशी धड बोलत न्हाईत, तरी गेलो.

मानसिंग : त्यांच्या दारात पाय टाकवंना मला. त्यांचीच गाडी हुती न्हवं ती.

गुंडा : हळू बोल. ही आत हाय.

मानसिंग : शेट म्हनले, "रहिमतपूरचा काय? मग पसरणी घाटात गाडी पलटी केली, त्या गुंडाला ओळखतोस?" म्हनलं, व्हय, त्यांच्याच गाडीवर क्लीनर हुतो.

गुंडा : बरं केलंस. खोटं कशाला बोलायचं?

मानसिंग : मग म्हनले, "प्यालेला होता म्हणे?"

गुंडा : आनि?

मानसिंग : म्हनलं, व्हय. लय प्यालेला.

गुंडा : ...बरं.

मानसिंग : "लय" तर कुनी इचारलंबी नव्हतं, वस्ताद. ते मी माझ्या पदरचं घातलं.

गुंडा : नोकरी लागली का?

मानसिंग : सोमवारी हजर हो म्हनले.

गुंडा : मग झालं की. साऱ्या तालुक्याला ठावं हाय, गुंडा प्यालेला हुता. त्यात तुझी एकट्याची भर पडली तर काय बिघडतंय? जा सांगलीला. घाटात गेर बदलायची घाई करू नगंस.

मानसिंग : तुमी कवा थेंबाला शिवला न्हाई!

गुंडा : गप.

मानसिंग : तुमी शेजारी बसला हुता. गाडी मी चालवत हुतो. वळनावर समोरनं यष्टी आली, माझा पाय बिरिकवर जायचा तो—

गुंडा : गप म्हनलं न्हवं!

रंगूबाई : का गप? बोलू दे त्याला. कोन चालवत हुतं, मानसिंग?

गुंडा : अगं, तू आत जा. आमचं गाडीचं बोलनं चाललंय.

रंगूबाई : मी पोराला इचारतीया, तुमाला न्हाई.

मानसिंग : मी, काकी. लायसन नव्हतं माझ्यापाशी. गाडी आडवी झाली, गुळाच्या ढेपा खाली दरीत गेल्या, यांचा हात मोडला. तसल्या हातानं यांनी मला दाराबाहेर वडलं आनि म्हनले, तू मागं मालावर बसला हुतास. ध्यानात ठेव, मागं बसला हुतास.

गुंडा : बिनलायसनाच्या हातात गाडी कुनी दिली? म्या दिली. मग पलटी बी माझीच. ह्याला पोलिसांनी धरलं असतं, जलमात लायसन मिळालं नसतं.

रंगूबाई : आनि दारू?

गुंडा : एवढा जुना डायवर, सरळ रस्त्यागत ठावं असलेल्या घाटात पलटी कसा झाला, म्हनून लालासाबांनी इचारलं. खरं सांगायचं नव्हतं. तेच म्हनले, प्यालास व्हय रं? मी मान खाली घातली. तेवढ्यावर भागलं.

मानसिंग : भागलं कुटं? यांना गाडीवरनं उतरवलं. कुनी पुना ठेवलं न्हाई. मी रोज गुऱ्हाळावरनं जाताना बगायचो, हे जाळाम्होरं बसल्यात. बगायचो आनि सायकल जोरात मारायचो.

रंगूबाई : वरीसभर?

मानसिंग : व्हय काकी.

रंगूबाई : माझ्या हातची भाकरी खात हुतास की रं तू. ह्याच दारात.

मानसिंग : लालासाबांकडं जाऊन येतो, वस्ताद. आत्ताच.

गुंडा : आरं, थांब! लायसन हातात येऊन आठ दिस न्हाई झालं. मानसिंग!

(त्याच दिवशी, ऊन कलल्यावर. तेच अंगण.)

गुंडा : सांगितलंस?

मानसिंग : समदं. पान लावत हुते, ते तसंच हातात ऱ्हायलं.

गुंडा : मारलं का?

मानसिंग : मारलं असतं तर बरं झालं असतं. पान खाली ठेवलं. मग म्हनले, "गुंडाला सोमवारपास्नं गाडीवर यायला सांग. मीच आलो असतो सांगायला, पन आज मला त्याच्याम्होरं उभं ऱ्हाता यायचं न्हाई."

गुंडा : लालासाब म्हनले असं?

मानसिंग : व्हय. आनि मला म्हनले, "तू पुना माझ्या गाडीच्या दाराला हात लावू नगंस."

गुंडा : मग सांगलीला तरी जा.

मानसिंग : पोस्टातनं शेटला कार्ड टाकलं. गुंडा वस्ताद प्यालेले नव्हते, गाडी मी चालवत हुतो, एवढंच लिवलं. आता ते कशाला ठेवत्यात?

गुंडा : आरं, दोनी दारं एका दिसात लावून आलास की.

मानसिंग : पलूसला आप्पासोंची एकच गाडी हाय, ऊस वडायची. त्यांच्याकडं बगतो. आधी पसरणीचं सांगनार, मग लायसन दावनार. ठेवलं तर ठेवलं.

गुंडा : माझ्याकडं शिकलो म्हनून सांग. आप्पासो वळखतात मला.

मानसिंग : तुमचं नाव घ्याला तोंड ऱ्हायलं न्हाई, वस्ताद.

गुंडा : मग तोंड न्हाई म्हनून बी सांग. पन नाव सांग. जा, पलूसची शेवटची यष्टी चुकंल.

मानसिंग : काकी, येतो मी.

गुंडा : ...गेला. तू त्याला "ये" म्हनली न्हाईस. सकाळी तो गेला तवापास्नं बोललीच न्हाईस तू.

रंगूबाई : काय बोलू? वरीस झालं, सांजचं तुमी घरात आला की पानी द्यायच्या निमतानं मी जवळ यायची. तुमाला वाटलं आसंल, बायको मायेनं येतीया. मी तुमचं तोंड हुंगत हुते.

गुंडा : ठावं हुतं मला.

रंगूबाई : ठावं हुतं? मग बोलला का न्हाई कवा?

गुंडा : काय बोलायचं? जवळ तर येत हुतीस.